हौद भरेपर्यंत

मुंजाजी पुण्याहून साखऱ्याला आला की मसाजीच्या पोटात दुखायला लागे. मेंढरं राखायची मसाजीनं, मायचे गुडघे चोळायचे मसाजीनं, आणि कौतुक मात्र कंपनीत कॉम्प्युटर चालवणाऱ्या धाकट्याचं. त्या उन्हाळ्यातही माय, नर्मदाबाई, सकाळपासून मुंजाजीसमोर बसून होत्या. मसाजी मध्ये काही बोलायला गेला, तर "थांब जरा, त्याचं ऐकू दे," म्हणाल्या. हे त्याला फार झोंबलं.

"माय, त्या मशीनला अक्कल न्हाई," मुंजाजी सांगत होता. "एकामागं एक हुकूम लिहून द्यायचे, त्याला प्रोग्राम म्हणतेत. तेच काम परत परत करायचं असलं तर लूप. पण लूप कधी थांबवायचा, ती अट सांगावी लागते."

"मंग मीच व्हतो तुझी मशीन," मसाजी विहिरीकडं जात म्हणाला. "दे हुकूम."

मुंजाजी खुशीत आला. "बादली काढ, हौदात ओत. हौद भरेपर्यंत हेच करत राहा."

मसाजी मनातून हरखला. हौद धुवायला बुडाच्या भोकातला बोळा त्यानंच सकाळी काढला होता, परत बसवला नव्हता. पाणी मागच्या उतारावरून निघून जात होतं आणि तो ओततच होता. आज मायच्या डोळ्यांदेखत धाकट्याची जिरणार, एवढंच त्याला दिसत होतं. शेवटी बादलीत नुसता गाळ आला.

"काय करून राहिला रे? बस कर," नर्मदाबाई म्हणाल्या.

"मशीन हाय मी. हौद कुठं भरलाय?"

मुंजाजी हौदामागं गेला. चिखल पाहून त्याचा चेहरा उतरला. "चूक माझी, दादा. भोक बंद हाय का, ते आधी तपासायला सांगायचं होतं. असला लूप संपतच न्हाई."

मसाजीनं ऐटीत मायकडं पाहिलं. त्या विहिरीत वाकून बघत होत्या. त्याची बायको पंचफुला तहानलेली मेंढरं घेऊन पांदीतून येत होती.

"त्याला भोकाचं ठाऊक न्हवतं," नर्मदाबाई म्हणाल्या. "तुला व्हतं?"

मसाजी बादलीतला गाळ खाली ओतू लागला.

"हा पुण्याला गेला तवा मी रडले न्हाई. म्हटलं, मसाजी हाय ना घरी."

त्यांनी बादली त्याच्या हातातून काढून घेतली आणि मुंजाजीला दिली. "शेजारच्या अमृतरावाच्या विहिरीवर पाणी मागून बघ. तूच जा."