सावलीचं माप

“हे बघा ताई, इथल्या ताटांना केवढा उंच काठ असतो!” मोबाईलच्या पडद्यावर भार्गवीने ताट तिरपं करून दाखवलं. “नाहीतर जहाज कललं की वरण सरळ शेजारच्याच्या मांडीवर! खाली ओला कपडा अंथरायचा, तेव्हा कुठे ताट जागेवर राहतं.”

नववीचा अख्खा वर्ग हसला. शैलाताईंनीही हसून घेतलं.

“मॅम, उल्टी होती है क्या?” मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

“पहिले चार दिवस सगळ्यांनाच झाली रे. नुसत्या कुरमुऱ्यांवर काढले. आता पहाटे चारची पाळी असली तरी मजेत उठतो. आपले कपडे आपण धुवायचे, डेक घासायचा, मग नऊला वर्ग, तोही उघड्यावर. काल गणित चालू असताना एक उडता मासा फळ्यापाशी येऊन पडला! आणि ताई, पाण्याचा रंग बदलला. हिरवा संपून एकदम निळा, कुणी रेघ ओढल्यासारखा. तुमची फार आठवण आली.”

ती रेघ शैलाताई तीस वर्षं भूगोलाच्या तासाला निळ्या खडूने ओढत होत्या. समुद्र मात्र त्यांनी एकदाही पाहिला नव्हता.

शंभर दिवसांची ही शाळा-नौका. कोचीहून मॉरिशसपर्यंत बेटाबेटांनी जायचं आणि परत यायचं. गावोगावची चाळीस मुलं, सहा शिक्षक. उज्जैनच्या या शाळेच्या वाट्याला शिक्षकाची एक जागा आली, तेव्हा संस्थेचे चिटणीस भय्यासाहेब अर्ज घेऊन आधी शैलाताईंकडेच आले होते. “छे, मला कसं जमेल?” शैलाताई म्हणाल्या, “माझा हरसिद्धीचा नेम आहे ना.” रोज देवीचं दर्शन घेतल्याशिवाय त्या पाण्याचा थेंब घेत नसत. सव्वीस वर्षं झाली होती.

पण ते ‘छे’ पंगतीत ताटावर आडवा हात धरून म्हणतात, तसलं होतं. पुन्हा आग्रह होतो, मग आपण ‘बरं, थोडंसंच’ म्हणायचं. देवीची तसबीर सोबत न्यायची, हेही त्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. भय्यासाहेबांनी आग्रह केलाच नाही. “सही बात आहे बाई, तुमचा नेम तोडायला लावायचं पाप कोण घेणार?” असं म्हणत ते अर्ज घेऊन उठले आणि विज्ञानाच्या भार्गवीकडे गेले. दोन वर्षांपूर्वी लागलेली पोर. ती पहिल्याच शब्दाला हो म्हणाली.

तेव्हापासून शैलाताई जपाला बसत, तेव्हा बोटं मणी ओढत आणि मन भार्गवीच्या डेकवर फिरत असे. ती उन्हाने रापली होती. ते तिला शोभत होतं, हेही त्यांना सहन होत नव्हतं.

दर बुधवारी वर्गाने उज्जैनच्या जुन्या वेधशाळेच्या आवारात मीटरभर उंचीची काठी उभी करायची आणि भर मध्यान्हीची सावली मोजायची. त्याच दिवशी जहाजावरची मुलंही मोजत. दोन सावल्यांवरून जहाज उज्जैनच्या किती दक्षिणेला आहे, ते मुलांनी स्वतः काढायचं. जहाजातल्या यंत्राचा पडदा बघायचा नाही, अशी अट. ही कल्पना शैलाताईंचीच. जहाजावर ती भार्गवीची म्हणून गाजत होती.

नवरात्रातला बुधवार होता. सव्वाबाराला सावली सर्वांत आखूड झाली. फीत धरून ओणवी झालेली इशिता ओरडली, “मॅम, इकसठ!”

शैलाताईंनी स्वतः वाकून पाहिलं. एकसष्ट सेंटीमीटर. मोबाईल काढला. वर भार्गवीचा सकाळचा फोटो होता, वाऱ्याने उडालेले केस, मागे नुसतं पाणी. शैलाताईंनी ‘सत्तर’ लिहिलं आणि पाठवून दिलं.

संध्याकाळी देवघरात माळ बांधत असताना फोन आला.

“ताई...” भार्गवी रडत होती. “आज फार फजिती झाली. आमच्या हिशेबानं जहाज विषुववृत्ताच्या पार गेलं होतं. मी सगळ्यांना सांगून टाकलं. मुलांनी नाच केला, आचाऱ्यानं शिरा केला. आणि कप्तान आले, म्हणतात, विषुववृत्त अजून दोन दिवस लांब आहे. सगळे हसले हो. इथल्या शाळेचे प्रमुख म्हणाले, हा सावलीचा तास उद्यापासून दुसऱ्या कुणाला तरी देऊ.”

शैलाताईंच्या हातातली माळ तशीच राहिली.

“माझीच काठी तिरपी असणार,” भार्गवी नाक पुसत म्हणाली. “एक मुलगा म्हणालाही, उज्जैनचा आकडा एकदा विचारून घ्या. मी त्याला झापलं. म्हटलं, आमच्या ताईंचं माप चुकूच शकत नाही.”

“अगं...” एवढंच शैलाताईंच्या तोंडून आलं, आणि तिकडचा आवाज तुटला.

सकाळी आंघोळ करून त्या नेहमीच्या वेळी निघाल्या. हरसिद्धीच्या दीपमाळा दिसल्या, तशी पावलं थबकली. आत जाऊन हात जोडायचे, वर बघायचं, आणि मग काय सांगायचं? त्या तिथूनच वळल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा देवीच्या आधी शाळेत गेल्या. घशाला कोरड पडली होती.

हजेरी झाली. त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला आणि आवाज भरण्याचं बटण दाबलं.

“भार्गवी, कालचं माप एकसष्ट होतं. इशितानं बरोबर वाचलं होतं, मीही पाहिलं होतं. सत्तर मी जाणूनबुजून लिहिलं. मला तिथं यायचं होतं, आणि तू गेलीस, म्हणून. तुझी काठी सरळ होती. हे तुमच्या प्रमुखांना ऐकव, मुलांनाही ऐकव.”

इशिता हळूच म्हणाली, “तुम्ही सत्तर लिहिताना मी बघितलं. मला वाटलं, माझंच काही गलत झालं.”

“नाही बेटा. तुझं काहीच चुकलं नव्हतं.”

शाळा सुटल्यावर त्या देवळात गेल्या. दर्शन घेतलं, तीर्थ घेतलं. चार थेंब लुगड्यावर सांडले.

भार्गवीचं उत्तर दोन दिवसांनी आलं, लिहिलेलं. ‘ऐकवलं. तास मला परत मिळाला. काल विषुववृत्त ओलांडलं.’ एवढंच. ताटं, मासे, पाण्याचा रंग, काही नाही.

पुढच्या बुधवारी मध्यान्हीच्या जरा आधी पुन्हा निरोप आला. ‘ताई, यापुढे मापाबरोबर फितीचा फोटोही पाठवाल का? इथले सगळे म्हणताहेत.’

शैलाताईंनी तो दोनदा वाचला. मग मोबाईल इशिताच्या हातात दिला आणि गुडघे टेकून, सावलीच्या टोकाशी फीत दोन्ही हातांनी ताणून धरली.

“जवळून काढ गं,” त्या म्हणाल्या. “आकडा स्पष्ट यायला हवा.”