मेमसाब जेवत नाही

मेमसाबने बेडकाकडे पाहिलंसुद्धा नाही. बेडूक आधी करंडीच्या कडेला अंग चोरून बसला, मग त्याची भीड चेपली, आणि मग तो चक्क मेमसाबच्या पाठीवर चढून गळा फुगवत मोंघीकडे बघू लागला.

"झालं," जमकू म्हणाली. "आता या दोघांचं लग्नच लावून टाक. नागीण बारीक आहे, पण घराणं चांगलंय."

मोंघी हसली नाही. हे हसण्यासारखं आहे, इतकं तिला कळलं. पण ते कळणंही लांबचं होतं. पलीकडच्या वस्तीत कुणाचं लग्न असावं, ढोल ऐकू यावा आणि आपल्याला आमंत्रण नसावं, तसं. फागण महिन्यात तिचा बाप, बापू, गेला तेव्हापासून सगळंच तिच्याकडे असं लांबून यायचं. ती रडलीही नव्हती. बायका आधी म्हणाल्या, पोर धीराची आहे. मग म्हणाल्या, पोर दगड आहे. मोंघीला दोन्ही ऐकू आलं होतं आणि दोन्ही खरं वाटलं होतं.

तिने बेडूक उचलून डब्यात टाकला. आज तेविसावा दिवस.

आता साप महिना-महिना खात नाही, हे वांकानेरच्या वादी गारुड्यांच्या वस्तीत तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. पण भूक नसलेला साप वेगळा आणि खाता न येणारा वेगळा. भूक नसलेला साप घट्ट वेटोळं घालून मजेत पडतो. मेमसाब सैल पडली होती, कुणीतरी सोडून ठेवलेल्या नाडीसारखी. कातडीला सुरकुत्या पडलेल्या. फणा म्हणाल तर आठ दिवसांत एकदाही नाही. एरवी काय तोरा असायचा तिचा. बापूने मोरली, म्हणजे पुंगी, ओठाला लावायच्या आधीच ही उभी, मान मागे टाकून, जणू पंखेवाला कुठे मेला म्हणून विचारतेय. म्हणून तर मेमसाब.

आता मोरली वाजवून खेळ करायला बंदी आहे. वस्तीतले पुरुष मोरबी रस्त्याच्या टाइल्सच्या कारखान्यांत माल चढवायला जातात, मुली शाळेत जातात. मोंघी नववीची परीक्षा देऊन बसली होती. तरी प्रत्येक घरात खाटेखाली एक करंडी असतेच. करंडी नसलेलं घर म्हणजे वादीचं घरच नव्हे.

दुपारी मोटाबापू आले. मोटाबापू म्हणजे भीखानाथ, बापूचे, म्हणजे लाखाचे, थोरले भाऊ, जमकूचे वडील आणि वस्तीत सापांच्या बाबतीत शेवटचा शब्द. मोंघीच्या आईने, म्हणजे माने, चहा बशीत ओतून दिला. त्यांनी तो दोन घोटांत संपवला आणि करंडीचं झाकण सारून नुसतं वरून पाहिलं. हात लावला नाही.

"लाखाने हिला कधी आणली?"

"आसो महिन्यात," मा म्हणाली. "शरद पुनवेला, गरब्याच्या दिवशी. कारखान्यामागच्या पांढऱ्या मातीच्या खाणीतून."

"म्हणजे या पुनवेला सात महिने पुरे." मोटाबापूंनी बोटांवर मोजलं. "सहा दिवस राहिले. तिला कळलंय. मुदत भरत आली की कुणाकुणाचं मन उठतं इथून. पुनवेला खाणीत नेऊन सोडा, आपोआप खाईल."

हा वादींचा करार आहे. साप धरताना त्याच्या कपाळाला तिथलीच माती लावून शब्द द्यायचा, की सात महिने तू आमच्या घरी, मग जिथली तू तिथे. शब्द एक दिवस अलीकडे मोडायचा नाही आणि एक दिवस पलीकडेही नाही. आणि शेवटचा महिना साप पाहुणा. त्याला नाचवायचं नाही, गळ्यात घालायचं नाही, त्याच्या तोंडाला हात लावायचा नाही.

"तोंड जरा सुजल्यासारखं वाटतं," जमकू म्हणाली. "डावीकडे. बघा ना."

"पाहुण्याचा जबडा उघडून बघतात का? उद्या तुझा सासरा आला की त्याचे दात मोज."

"मोजेन. किती उरलेत ते कळायला नको?"

मोटाबापूंच्या मिश्या हलल्या. मोंघीने मात्र करंडीचं झाकण लावलं. आणि झाकण लावताना तिला जे वाटलं त्याला सुटका म्हणतात. दोन महिन्यांत तिला काही वाटलं असेल तर ते हे, आणि तेही असलं.

कारण त्या जबड्यात काय आहे ते एकट्या तिलाच माहीत होतं.

होळीच्या आधीची गोष्ट. सापाचे दात काढले तरी परत येतात, म्हणून पुन्हा काढावे लागतात. बापूचा खोकला तेव्हा वाढला होता आणि हात थरथरायचे. अंगणात चार माणसं बसलेली. बापूने मेमसाबची मान धरली आणि चिमटा मोंघीकडे दिला. मुलीच्या हातात चिमटा, हे वस्तीत पहिल्यांदाच होत होतं. मोंघीला तेव्हा काय वाटलं होतं, ते आता आठवायचं तर एखाद्या ओळखीच्या मुलीबद्दल आठवल्यासारखं व्हायचं. कान गरम झाले होते त्या मुलीचे. उजवा दात अलगद आला. डावा ओढताना बोटांना बारीकसं 'कट' लागलं. आवाज नव्हता, नुसतं लागलं. तळहातावर पडला तो अर्धाच होता.

"साफ आला?" बापूने विचारलं.

चार माणसं बघत होती.

"हो बापू."

"बघा," बापू त्या चौघांना म्हणाला. "लोणी आहे पोरीचा हात."

तिने मूठ मिटली आणि तो अर्धा दात चुलीच्या राखेत टाकला. नंतर एकटा असताना सांगू बापूला, असं ठरवलं. पण खोकणाऱ्या माणसाच्या खाटेभोवती कायम कुणीतरी असतं. मग होळी झाली आणि पाचव्या दिवशी बापू गेला.

चार दिवस उरले तेव्हा मेमसाबच्या ओठांच्या फटीतून फेस दिसायला लागला. तीन दिवस उरले तेव्हा करंडी उघडली की वास यायचा, गोडसर, कुजलेल्या चिकूसारखा. मोंघी पाण्याची वाटी बदलायची. बेडूक दाखवायची. बेडूक परत डब्यात टाकायची. तिचे हात ही कामं नीट करत होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

माने बाजरीच्या रोटल्यावर गूळ-तूप घालून ताट पुढे सरकवलं. मोंघीने एक तुकडा मोडला, आणखी बारीक मोडला, आणि बसून राहिली.

"दोघींपैकी एकीने तरी खा गं," मा म्हणाली. "त्या बाईला निदान पाहुणपणाचं निमित्त आहे. तुझं काय?"

मोंघी उठली. हात धुतले. करंडी उचलून कडेवर घेतली आणि भर उन्हात चार घरं ओलांडून मोटाबापूंकडे गेली. ते कडुलिंबाखाली खाट विणत बसले होते. जमकू त्यांना काथ्या सोडवून देत होती.

"मोटाबापू, हिचं तोंड उघडा."

"तीन दिवस राहिले बेटा."

"ती मुदतीमुळे उपाशी नाही. डाव्या बाजूला दात मोडून आत राहिलाय. माझ्या हातून. बापूने विचारलं तेव्हा साफ आला म्हणाले मी."

मोटाबापूंचा काथ्या ओढणारा हात थांबला.

"कधीचं हे?"

"होळीच्या आधीचं."

"आणि मी त्या दिवशी तुमच्या अंगणात बसून करार सांगत होतो, तेव्हा तुझ्या तोंडात काय होतं?"

मोंघीने करंडी खाली ठेवली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. निदान काही लागतंय का ते कळलं असतं. पण मोटाबापू नुसते बघत राहिले, सुजलेल्या जबड्याकडे बघावं तसे.

"दात सगळ्यांच्याच हातून मोडतात," शेवटी ते म्हणाले. "माझ्या हातून मोडलेत, लाखाच्या हातून मोडलेत. मोडला की त्याच घडीला सांगायचं असतं, लगेच उकरून काढायला. त्याला लाज कसली? तू दोन-अडीच महिने त्या मुक्या जिवाला..." त्यांनी काथ्या बाजूला टाकला. "जमकू, मीठ-हळदीचं पाणी कर. कोमट. आणि लाखाचा चिमटा आण यांच्या घरून."

"पण ती पाहुणी..." जमकू म्हणाली.

"आपली जखम तिच्या तोंडात आहे तोवर पाहुणी कसली? आपण तिचे देणेकरी."

त्यांनी मेमसाबची मान धरली. चिमटा त्यांनी मोंघीपुढे केला. ज्याच्या हातून मोडला, त्यानेच काढायचा.

आत सगळं पिवळं होतं, साकळलेल्या दह्यासारखं. मोंघीने कापसाने ते पुसलं, मिठाच्या पाण्याने पुसलं, परत पुसलं. मेमसाबने धडपड केली नाही, शेपटीचं टोक तेवढं मोटाबापूंच्या मनगटाभोवती गुंडाळलं. मग सापडलं. तांदळाच्या कणीएवढं. ते निघताना थोडं रक्त आलं. मोंघीचा हात जराही थरथरला नाही, आणि यात काही कौतुक नाही हे तिचं तिलाच समजत होतं.

"निघाला?" मोटाबापूंनी विचारलं.

तिने चिमटा त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. त्यांनी कणी बोटावर घेतली, उन्हात फिरवून पाहिली, टोक तपासलं.

"निघाला," ते म्हणाले. "साफ."

पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तोंड धुणं. वास कमी झाला. फेस गेला. पण मेमसाबने खाल्लं काही नाही. बेडूक तर आता घरच्यासारखाच वावरत होता, जमकूने त्याचं नाव जावईबापू ठेवलं होतं.

आणि पुनव आली.

सकाळीच मोटाबापू, मा, जमकू आणि मोंघी खाणीवर गेली. कारखान्यामागे पांढऱ्या मातीचा उतार, कडेला वेड्या बाभळींची रांग, तिच्या मुळांशी बिळं. मोंघीने करंडी खाली ठेवून झाकण काढलं. मेमसाबने डोकं कडेवर टेकवलं. जीभ बाहेर आली, आत गेली. ओळख पटली असावी. पण अंग पुढे सरकेना. अर्धी लांबी बाहेर आली आणि तिथेच पडून राहिली, उन्हात, उघड्यावर. वर एक घार फिरत होती.

"आज सोडली तर ती संध्याकाळ बघणार नाही," मोटाबापू म्हणाले. "परत नेली तर लाखाचा शब्द मोडतो. गेलेल्या माणसाचा शब्द मी मोडायचा नाही आणि तू मोड असंही सांगायचो नाही. त्याच्या जागी तू आहेस."

माने पदर तोंडाला लावला होता. जमकू घारीकडे दगड भिरकावत होती.

मोंघी खाली बसली. रडू यायचं असेल तर आत्ता येईल, असं तिला वाटलं. तिने जराशी वाटही पाहिली. आलं नाही. मग तिने चिमूटभर पांढरी माती घेतली आणि मेमसाबच्या कपाळाला लावली.

"बापूचा शब्द आज मोडला," ती म्हणाली. "मी मोडला. हा माझा शब्द. तुझं तोंड भरून येईल आणि तू दोनदा पोटभर खाशील, तोवर आमच्या घरी. मग इथेच. आणि दात मी काढणार नाही. आले की येऊ देत." मग ती म्हणाली, "यात खोटं नाही."

मोटाबापूंनी नाथांना नमस्कार करतात तसे हात जोडून "आदेश" म्हटलं आणि तोंड फिरवलं. ते रागावले होते की नाही, ते कळलं नाही.

घरी आल्यावर मोंघीने करंडी खाटेखालच्या गारव्यात सरकवली आणि वाटीत ताजं पाणी ओतलं. झाकण लावलं नाही, तिथेच जमिनीवर बसून राहिली. बऱ्याच वेळाने मेमसाबने डोकं उचललं आणि वाटीच्या कडेवर ठेवलं. तोंड पाण्याला लागलं. गळ्याखालची कातडी हलू लागली. वर-खाली, वर-खाली, अगदी हळू. तेवीस आणि सहा, एकोणतीस दिवसांत ती पहिल्यांदा काही गिळत होती. डावी बाजू दुखत असावी, मान उजवीकडे कलली होती.

"काय करतेय?" चुलीजवळून माने विचारलं.

"पाणी पितेय."

"आणि तो बेडूक?"

"आहे. डब्यात."

बाहेरून जमकूने हाळी दिली, नळाला पाणी आलंय, लवकर ये, नाहीतर रांगेत माझ्यामागे उभी राहून माझी वेणी बघत बस. मोंघीने झाकण लावलं, त्यात बोटभर फट ठेवली, आणि हंडा घेऊन निघाली.