तरुण ताऱ्यांचे अवरक्त ध्रुवीकरण

निवडणुकीची आचारसंहिता लागली होती, त्यामुळे विसरवाडीकडच्या कॉलेजचे प्राचार्य भरतसर फोनवरही दबक्या आवाजात बोलत होते.

"माहेनूर, तुझ्या व्याख्यानाचा विषय उत्तम आहे. पण एका ओळीत तरुण, रक्त आणि ध्रुवीकरण? आणि त्याखाली तुझं नाव."

"सर, अवरक्त म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उजेड. नवे तारे धुळीच्या ढगात दडलेले असतात. तिथून हा उजेड तेवढा बाहेर पोचतो."

"आणि ध्रुवीकरण?"

"ढगातले लांबट कण एका दिशेनं उभे राहतात. त्यांच्यातून येताना उजेडही एका दिशेत जास्त थरथरतो."

"म्हणजे एकोपाच की."

पुण्यात इतकी वर्षं संशोधन करून माहेनूरला हे सुचलं नव्हतं. "एकोपा घाला, सर," ती म्हणाली.

थोड्या वेळानं पुन्हा फोन आला. वरून विचारणा झाली होती, एकोपा नेमका कोणाचा? व्याख्यान पुढं ढकललं. तारे काही पळून जात नव्हते.

अब्बा, म्हणजे अनीस पिंजारी, इस्त्रीचा सदरा घालून आपल्या गाद्यांच्या दुकानात तयार उभे होते. लेक काय करते असं कुणी विचारलं की 'आभाळाच्या खात्यात आहे' म्हणून ते वेळ मारून नेत. आज पहिल्या रांगेत बसून त्यांना ते कळणार होतं. आणि उद्या लेक परत चालली होती.

"मग इथंच सांग," ते कापसाच्या पोत्यावर बसत म्हणाले. "मला कोण संहिता लावतंय?"

तिनं शटर अर्धं ओढलं, मागचा दिवा लावला आणि पिंजायचं मशीन सुरू केलं. कापूस उडाला, तरंगला, दाटला. दिवा विरघळून नुसता दुधाळ उजेड उरला. दुकानाला भिंती उरल्या नाहीत. रस्त्यावरचे ट्रक फार लांबून, दुसऱ्याच कुठल्या तरी काळातून गेल्यासारखे वाटले.

"आत तारा आहे. तो दिसत नाही. पण त्याचा उजेड कसा थरथरतो ते मोजलं की ढगाला आतून कुणी वळण दिलंय ते कळतं. तिथं चुंबकाची ओढ असते. मी ती शोधते."

अब्बांनी उडत्या कापसाकडे बोट केलं. "एकटाच असतो आत?"

"नाही. आसपास बरेच जन्मत असतात."

"आणि ढगाचं काय होतं?"

"तारे मोठे झाले की त्यांच्याच उजेडानं विरतो."

अब्बांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या भुवयांवर कापूस बसला होता. त्यांनी तो झटकला नाही.

शटरखालून गिऱ्हाईक कमलीबाई वाकून आत आली. "अनीसभाई, काय चाली ऱ्हायनं?"

"मन्ही पोर काय काम करस, ते देखी ऱ्हायनू. बठ."

गादीचं विचारायला आलेली कमलीबाई गुपचूप दुसऱ्या पोत्यावर बसली.