चोरून काय खाल्लंस?

धाकटीच्या अंगावर गांधी उठल्या की आईचा प्रश्न ठरलेला. "चोरून काय खाल्लंस?"

अंगावर असं उठलं की आपण पित्त म्हणून मोकळे होतो, आणि पित्त म्हटलं की दोष पोटाचा. आई शिवणकाम करायची. कापाकापीची सवयच ती! धाकटीचं आधी आंबट बंद झालं, मग तिखट, मग दही, शेवटी शेंगदाणेसुद्धा. वर उपाय म्हणून रोज सकाळी ती पोरीला गच्चीवर शेजारी बसवी. कोवळं ऊन अंगाला चांगलं, शिवाय सुईत दोरा ओवायला तरणे डोळे. एका दगडात दोन पक्षी.

"आई, ऊन चावतं गं," धाकटी म्हणायची.

"उन्हाला काय दात असतात? कामाचा कंटाळा, दुसरं काय!"

थोड्याच वेळात हातांवर, मानेवर लालभडक गांधी. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत कातडी पुन्हा स्वच्छ. तेही पित्तच म्हणायचे. बघायला काही उरलेलंच नसे, ते बिचारे काय करणार? मग घरी उलटतपासणी. सुरुवातीला धाकटी गळ्याशपथ नाही म्हणायची. पुढे पुढे विचारायचा अवकाश, लगेच कबूल. "हो, खाल्ली चिंच." आईला वाटे, बघा, माझा अंदाज कधी चुकत नाही.

मग एकदा शाळेच्या मैदानावर ती भर उन्हात बराच वेळ उभी राहिली. सगळं अंग सुजलं आणि ती चक्कर येऊन पडली. तेव्हा कुठे आईने तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी पोटाचं काही विचारलंच नाही. "घड्याळाच्या पट्ट्याखाली उठतं का गं?"

"नाही. उघडं असतं तिथेच."

बाईंनी तिच्या पाठीवर छोटे छोटे चौकोन आखले आणि एकेकावर दिव्याचा उजेड सोडला. आई बघत होती. बघता बघता चौकोन फुगून लाल झाले. पोरीने सकाळपासून पाण्याचा थेंबही घेतला नव्हता.

"उन्हाची ॲलर्जी आहे ही. क्वचित होते, म्हणून चटकन सुचत नाही," बाई म्हणाल्या. "रोज गोळी, पूर्ण बाह्या, टोपी, उघड्या अंगाला मलम. पुढे इथेच दिव्याखाली उजेडाची सवय लावू, अगदी घोटाघोटाने. खाण्याचा काही संबंध नाही. सगळं खाऊ दे."

"म्हणजे रोज सकाळी मीच तिला उन्हात बसवत होते!" आई म्हणाली.

"तुम्हाला कुठे माहीत होतं?"

माहीत कसं नव्हतं? पोरगी सांगत होती की! आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्या बाईने दोन प्रश्न विचारून जे ऐकलं, ते जन्मदातीने कानाआड केलं होतं.

बाहेर बाकावर बसल्यावर तिने धाकटीचा हात धरला. "चुकलं गं माझं. फार चुकलं. पण खाल्लं नव्हतंस, तर खाल्लं म्हणून का सांगायचीस?"

धाकटी बाहीचं बटण लावत होती. रागावलेली दिसत नव्हती, तेच आईला सोसवेना.

"कबूल केलं की तू मला शिक्षा म्हणून आतल्या खोलीत कोंडायचीस ना," ती म्हणाली. "खिडकी लावून. तिथे बरं वाटायचं."