दुसऱ्या ट्रकातले पैसे

तलवाड्याच्या सुग्रीवचा आपल्या लेकीवर भारी जीव. शिवकन्या नर्स होऊन जर्मनीला निघाली, तेव्हा तर गडी टँकरच्या रांगेतसुद्धा घागर बाजूला ठेवून तीच गोष्ट सांगत सुटायचा. दुष्काळात विहिरीनं तळ गाठला होता, पण सुग्रीवचं तोंड काही कोमेजलं नव्हतं.

जायला आठवडा उरला, तसा त्यानं लेकीपुढं हात केला.

"कन्या, तुझं पासबुक, एटीएमचं कार्ड अन् बँकेचे मेसेज येतेत ते शिमकार्ड, समदं माझ्यापाशी ठिवून जा. पगार माझ्या खात्यावर टाकीत जा. मी मोहनरावाच्या पतसंस्थेत ठिवतो. तुला परमुलखात पैशाचा ताप कशाला?"

पतसंस्थेचे चेअरमन मोहनराव घरोब्यातले. औंदा त्यांनी गल्लीत पाण्याचा टँकर आणून दिला होता आणि सुग्रीवनं भर पारावर शब्द दिला होता, की लेकीचा पगार तुमच्याच संस्थेत येईल. आता शब्द मोडायचा म्हणजे नाक कापून घेणंच की!

बापाला नाही म्हणायची शिवकन्येला सवयच नव्हती. कार्ड काढायला ती पिशवीत हात घालणार, तोच दारातून आवाज आला.

"थांब गं पोरी."

साखराकाकू होत्या, गावातल्या महिला दूध संस्थेच्या सेक्रेटरी. नारळ घेऊन पोरीला निरोप द्यायला आल्या होत्या.

"सुग्रीवा, नोकरी कुणाची?"

"पोरीची."

"मग पैसा तुझ्या खात्यावर कावून?"

"काकू, बाप हाय मी. खाऊन टाकीन व्हय?"

"तू खाणार न्हाईस, ठाऊक हाय मला. पर मला सांग, तू अन् चतुरा बावीस हंगाम ऊस तोडायला गेलात. एक कोयता म्हंजी किती माणसं?"

"दोन. नवरा-बायको."

"अन् मुकादम हंगामाआधी उचल देतो, ती कुणाच्या हातात?"

"माझ्या. रीतच हाय ती. अन् हिला काय कमी केलं मी?"

चतुराबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. एरवी अशा बोलण्यात न पडणारी बाई, पण आज तिचा हात परातीत थांबला.

"एकदा मांजरसुंब्याला आपले ट्रक थांबलते," ती म्हणाली. "तुमी गडीमाणसं पुढच्या ट्रकात, आमी बाया-लेकरं मागच्या. कन्या चार वर्षांची. ढाब्यावर भजी तळायलेत ते बघून लई रडली. माझ्यापाशी रुपया न्हवता. तुमाला हाका मारल्या, तवर तुमचा ट्रक निघून गेलता. रडत रडत झोपलं लेकरू."

"मला कावून सांगितलं न्हाई?"

"काय सांगू? पैसे व्हते की. पर दुसऱ्या ट्रकात व्हते."

मग साखराकाकू हळूच म्हणाल्या, "आता पोरगी तर सातासमुद्रापार चाललीय. तिकडं आडीनडीला तिनं हाक मारली, तर तुझा ट्रक कुठं असंल, सुग्रीवा?"

अरे देवा! बावीस वर्षं कोयत्याचा निम्मा घाम त्या बाईचा, आणि आपण तिला पुडीभर भज्यांना महाग केलं! सुग्रीवचे डोळे भरून आले.

"मोहनरावाला मी सांगतो," तो म्हणाला. "शब्द मी दिलता, पोरीनं न्हाई."

दुसऱ्याच दिवशी मायबाप आणि लेक तिघं एसटीनं अंबाजोगाईला गेली. शिवकन्येचं शिकतानाचं खातं तिथल्याच बँकेत होतं. बँकेतल्या बाईंनी नीट समजावलं, "तिकडं राहायला गेलात की हे साधं बचत खातं तसंच चालवायचं नाही, ते एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं, करून घ्यायचं. इथले जुने पैसे त्यात राहतील. तिकडची कमाई पाठवायला वेगळं एनआरई खातं काढा, त्यातले पैसे लागतील तेव्हा परत तिकडं नेता येतात. वारसाचं नाव लावा. आणि पिन, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, आईबापालासुद्धा!"

सगळ्यांत आधी मान डोलावली ती सुग्रीवनं. शिवकन्येनं वारस म्हणून आईचं नाव लिहिलं. मग सुग्रीव पुढं सरकला.

"अन् एक खातं हिच्या नावानं काढायचंय." बायकोचं आधार कार्ड त्यानं निघतानाच खिशात घातलं होतं.

"व्यवसाय काय लिहू? गृहिणी?"

"न्हाई म्याडम. ऊसतोड. बावीस हंगाम."

चतुराबाईनं पदर तोंडाला लावला. शिवकन्येनं त्या खात्यात हजार रुपये भरले, तर माउलीनं लगेच त्यातले शंभर काढायला लावले. "बघू तर, माघारी देतेत का!"

येताना गाडी मांजरसुंब्याला थांबली. ढाब्यावर भज्यांचा घाणा निघत होता. सुग्रीवचा हात खिशाकडं गेला, तो चतुराबाईनं धरला.

"ऱ्हाऊ द्या. आज पैसे ह्याच गाडीत हायेत."

तिघांनी गरम भजी खाल्ली. शिवकन्येनं दोन घास जास्तच खाल्ले, रडत रडत.

बंधू-भगिनींनो, लेकरू परमुलखात निघालं की आपण चिवडा बांधून देतो, लोणच्याची बरणी देतो. त्याच्या घामाचा पैसा त्याच्याच हाताशी राहील, याचीही तजवीज करून द्यावी. दुसऱ्याच्या पैशाची किल्ली आपल्या कनवटीला लावून माया वाढत नसते. आणि हो, बँकेत जाणारच आहात, तर घरातल्या बाईचंही आधार कार्ड सोबत घ्या!