भाकरीमागे एक नाव

“ही कुनाची?” साखराबाईंनी विचारलं.

“ही तानाजीची, आत्याबाई.” सत्यशीलेने परातीत पीठ भुरभुरलं आणि गोळा थापायला घेतला. “प्रभू, तानाजीची आई तिकडं कारखान्यावर पोटुशी हाय. डोक्यावर उसाची मोळी घेऊन गाडीवर चढताना तिला सांभाळ.”

“आमेन,” म्हातारी म्हणाली. भाकरी तव्यावर पडली.

“आन ही?”

“ही बबिताची. तिच्या बापाची दारू सुटू दे.”

“आमेन.”

शिरूर कासारच्या त्या वसतिगृहात दिवाळीनंतर रोज सकाळी हेच चालायचं. आईबाप ऊसतोडीला गेले की मागे राहिलेली पोरं इथे असायची, आणि त्यांच्या भाकरी सत्यशीला थापायची. नवरा गेल्यापासून घरात ती आणि सासू साखराबाई, दोघीच. सासूला एकटीला ठेवायची सोय उरली नव्हती. एकदा ठेवली, तर म्हातारी स्टँडवर जाऊन कंडक्टरला माहेरची गाडी विचारत बसली. माहेरी तिला ओळखणारं कुत्रंसुद्धा राहिलं नव्हतं. तेव्हापासून सत्यशीला तिला हाताला धरून सोबत आणायची आणि चुलीच्या उबेला पोत्यावर बसवायची.

दर भाकरीमागे एक नाव घ्यायची रीत साखराबाईंचीच. त्यांनी उभा जन्म मिशनच्या बोर्डिंगात भाकरी थापल्या. वाचता येत नव्हतं. नव्या सुनेला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, “हात गुतले म्हनून काय झालं? तोंड रिकामंच हाय ना? ज्याची भाकर, त्याचं नाव घ्यायचं.” सत्यशीलेने ते उचललं ते उचललंच.

हाताखालच्या भामाबाईला याची भारी गंमत वाटायची. “तुमचा देव बी मास्तरावानी हजेरी घेतो व्हय, सत्यशीलाबाई?”

“तुमच्या नातीचं बी नाव घेतलंय म्या.”

“घ्या की. एक देव जादा झाला म्हनून काय पोटात दुखतंय का कुनाच्या!”

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका रविवारी चर्चमधल्या उपासनेनंतर महिला मंडळ बसलं आणि सत्यशीलेच्या जिवाला घोर लागला.

पाळकांची बायको, पाळकीणबाई प्रियदर्शनी, नव्याने आलेल्या. वयाने लहान, बोलायला गोड. म्हणाल्या, “घरोघर प्रार्थनेची शांतवेळ हवीच. दाराला कडी लावा, मोबाईल बंद करा, हातातलं काम खाली ठेवा. देवाला आपण उरलंसुरलं देतो, असं नको.” आणि सहज वळून विचारलं, “सत्यशीलाबाई, तुमच्याकडं कशी होते?”

“होती की. जमंल तशी.”

“भाकरी थापता थापता उरकतेय ती!” मागून कुणीतरी बोललं, आणि दोघीतिघी फिसकन हसल्या.

पाळकीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी सत्यशीलेचा हात हातात घेतला. “आत्याबाईंचं वय झालं. एकदा त्यांच्याजवळ निवांत बसा हो. अजून त्यांना कळतंय तोवर.”

हसणाऱ्या बायांचं तिला काही वाटलं नाही. हे शेवटचं मात्र काळजात रुतलं.

कारण ते खरं होतं. किती वर्षं संध्याकाळी म्हातारी मांडीवर शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन बसायची आणि हाक मारायची, “बस की गं जरा. वाचून दाखीव.” आणि सत्यशीला म्हणायची, “आले आत्याबाई, एवढी भांडी पालथी घालते.” भांडी झाली की पाणी, पाणी झालं की उद्याचं दळण. ती येईपर्यंत म्हातारी बसल्या जागी पेंगलेली असायची. नाहीतर ती स्वतः दुसऱ्याच ओळीवर घोरायला लागायची. आता हाक येत नव्हती. साखराबाई आधी मुलगा मेला हे विसरल्या, मग मुलगाच विसरल्या. सुनेला ‘ओ बाई’ म्हणू लागल्या. डोक्यातलं सगळं पुसत पुसत एक ‘आमेन’ तेवढं उरलं होतं. तेही जायच्या आत एकदा, फक्त एकदा, सासूजवळ नीट बसायचं, असं सत्यशीलेने मनाशी धरलं.

धरलं खरं, पण बसते कशी? एक दिवस लवकर उठून शास्त्र उघडलं, तर नळाला पाणी आलं. शिरूरमध्ये नळाला पाणी आलं आणि बाई डोळे मिटून बसून राहिली, असं कुणी ऐकलंय का? ती घागरी घेऊन पळाली. पुन्हा एकदा बसली, तर वसतिगृहात एक पोरगं तापाने फणफणल्याचा निरोप आला. त्यानंतर बसली तेव्हा कुणीच आलं नाही, पण डोळे मिटले ते मिटलेच. भामाबाईने येऊन दार बडवलं तेव्हा जाग आली. पोरं उपाशी खोळंबली होती. कुठली शांत आणि कुठली वेळ! अंगात शीणच इतका मुरला होता की देवापुढे बसणं आणि आडवं होणं यात तिच्या हाडांना फरक कळत नव्हता.

शेवटी उसाचा हंगाम संपून पट्टा पडला. कारखाने बंद झाले, ट्रॅक्टर भरभरून माणसं गावी परतली आणि आपापली पोरं घेऊन गेली. तानाजीची आईही आली, कडेवर तान्हं घेऊन. स्वयंपाकघराला कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यशीलेला कसलीच घाई नव्हती. तिने सासूला ऊन पाण्याने अंघोळ घातली, धुवट लुगडं नेसवलं, विरळ केस विंचरून दिले. दाराला कडी लावली. मोबाईल बंद केला. सतरंजीवर सासूच्या शेजारी बसून शास्त्र उघडलं आणि सावकाश वाचायला लागली. मनात म्हणाली, आज काही कमी पडू द्यायचं नाही.

साखराबाई दाराकडे बघत होत्या.

“कवा सुरू करायची, ओ बाई?”

“काय, आत्याबाई?”

“पराथना.”

“हीच की. चाललीय न्हाई का?”

म्हातारीने मान हलवली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि तिचा चेहरा कसनुसा झाला. “दार कावून लावलं? मला कुनाच्या घरात आनलंय? सोडा मला. माझी गाडी जाईल.”

“आत्याबाई, आपलंच घर हाय. मी हाय ना.” सत्यशीलेने तिचा हात घट्ट धरला, डोळे मिटले आणि मोठ्याने प्रार्थना केली. जेवढं चांगलं बोलता येईल तेवढं बोलली. शेवटी थांबली. आमेनची वाट बघत राहिली.

आमेन आलंच नाही.

तेव्हा मात्र तिला रडू फुटलं. जन्मभर येते येते म्हणत राहिले, आणि आले तेव्हा म्हातारी निघून गेलेली, असं वाटून ती पदर तोंडात धरून हमसून हमसून रडली. देवावर राग आला, त्याहून जास्त स्वतःवर आला.

रडता रडता तिच्या कानावर आवाज आला. थप, थप. साखराबाईंचा मोकळा हात स्वतःच्या गुडघ्यावर पडत होता. थप, थप, आणि तळवा जरासा फिरवायचा. पुन्हा थप.

सत्यशीला त्या हाताकडे बघत राहिली. मग तिने डोळे पुसले, शास्त्र फळीवर ठेवलं, चूल पेटवली आणि परात पुढे ओढली. पोतं चुलीजवळ आणून त्यावर सासूला बसवलं. पीठ मळून गोळा थापायला घेतला, तशी म्हातारी मांडी सावरून नीट बसली.

“ही कुनाची?”

सत्यशीलेचे हात थबकले. पोरं तर सगळी घरी गेली होती.

“ही साखराबाईची.”

“कोन साखराबाई?”

“हाय एक म्हातारी. लई लेकरं जेवू घातली तिनं. आता तिला काय बी आठवत न्हाई. प्रभू, तिला भ्या वाटू देऊ नको.”

“आमेन,” साखराबाई म्हणाल्या. जरा थांबून पुन्हा म्हणाल्या, “आमेन. बिचारी.”

भाकरी उतरली. दुसरी तव्यावर पडली.

“आन ही?”

“ही... ही सत्यशीलेची.”

इतक्या वर्षांत तिने स्वतःच्या नावाची भाकरी कधी थापली नव्हती. काय मागायचं ते सुचेना. म्हातारीने थोडी वाट बघितली. बाई काही बोलत नाही म्हटल्यावर तिनेच डोळे मिटले.

“देवा, लई दमलीया ती पोर. तिला जरा बसू दे.”

“आमेन,” सत्यशीला म्हणाली, आणि भाकरी उलटायची सोडून तिथेच पोत्याच्या कडेला सासूला टेकून बसली.

एका अंगाने करपलेली ती भाकरी मग दोघींनी अर्धी अर्धी खाल्ली.