कापसापुढची भिंत

देवगाव फाट्यावरून आत वळलं की दिनकररावांचं स्लॅबचं घर लागतं. त्या घराच्या हॉलमध्ये बसायला जागा सोडून बाकी सगळं होतं. म्हणजे कापूस होता. दिवाळीनंतर वेचून आणलेला, मागच्या भिंतीला टेकून थेट छतापर्यंत भरलेला आणि भाव वाढेपर्यंत तिथंच राहणार असलेला. भाव हलत नव्हता. दिनकररावही हलत नव्हते. बघता बघता एप्रिल लागला.

सोयरिकीसाठी आलेली मागची मंडळी याच कापसासमोर बसून चहा प्यायली होती. जाताना सगळे हसतमुख होते. संध्याकाळी निरोप आला, मुलीला कापसाची ॲलर्जी आहे. मुलीचा बाप कापसाचा व्यापारी होता.

आता निकिताची वेळ होती. पूर्णेच्या बाजूची, बी.ए. झालेली. दिनकररावांच्या भागवतला ती पसंत होती, आणि तिच्याकडूनही नकार आलेला नव्हता. तेहतिशी ओलांडलेल्या, शेती करणाऱ्या मुलासाठी ही गोष्ट आमदारकीच्या तिकिटाएवढी मोठी. राहिलं होतं ते फक्त घर बघणं. पूर्वी मुलीचा बाप यायचा आणि विहीर बघायचा. आता मुलगी येते आणि बाथरूम बघते. बदल चांगलाच आहे. फक्त विहिरीला टाइल्स लागत नव्हत्या.

निकिताला बघायला गेले तेव्हा तिचं घर बघून भागवतची आई कस्तुराबाई गारच पडल्या होत्या. समोर मोकळा हॉल, कोपऱ्यात फुलदाणी, जमिनीवर एक कस्पट नाही. निकिताच्या वडिलांना, बन्सीधररावांना, पंख्याचं बटन सापडायला जरा वेळ लागला. निकितानंही चहा बाहेरच्या दारानं आणला. कस्तुराबाईंनी त्याचा अर्थ लावला की सैपाकघर मागं वेगळं आहे, म्हणजे घरात धूर येत नाही. परत येताना जीपमध्ये त्या एवढंच म्हणाल्या, "आपल्या घरात ह्या पोरीला कुठं उभं करावं?"

"आबा, इका की आता," भागवत म्हणाला.

"कापूस इकायचा मी बघतो. लगन करायचं तू बघ."

"मंग निदान शेतातल्या आखाड्यावर तरी नेऊन टाकू."

"आन् अवकाळी आला म्हंजे? कापूस डोळ्यापुढं पायजे."

अशा कोंडीत परभणीहून ओमप्रकाश आला. हा आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, मग पीओपी करायला लागला आणि आता त्याच्या गाडीवर 'इंटेरियर' लिहिलेलं होतं. कापसाच्या डोंगरासमोर तो मान तिरपी करून बराच वेळ उभा राहिला.

"टेक्श्चर चांगलंय," तो म्हणाला.

मग त्यानं मोबाइलवर फोटो दाखवले. सध्या मिनिमल चालतं. घरात जितकं कमी दिसेल तितकं घर मोठं. एक भिंत गडद, बाकीच्या फिक्या. सोफा भिंतीपासून चार बोटं पुढं. हिरवा रंग पाहिजेच, मग झाड प्लास्टिकचं असलं तरी चालतं, आणि पाणी घालायचं नसल्यानं तेच बरं.

"आन् ह्या कापसाचं काय?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"काकू, मी दिसू नये म्हणलो. नसू नये म्हणलो का?"

कापसापुढं प्लायची चौकट उभी राहिली. तिच्यावर सागवानी रंगाच्या प्लास्टिकच्या पट्ट्या बसल्या, मधोमध टीव्ही आला आणि पट्ट्यांच्या कडेनं आतून लाइटची माळ फिरली. हॉल निम्मा झाला, पण फोटोत दुप्पट दिसू लागला. दिनकररावांनाही भिंत पटली. कापूस जागचा हलला नव्हता, आणि आता भिंतीला पाठ लावून त्याची राखण करता येत होती.

निघताना ओमप्रकाशनं शेवटचं बटन दाखवलं. "हे माळेचं. अडॅप्टर पाठीमागं हाय, कापसाला चिकटून. लय तापतोय. कापूस निघेस्तवर हे दाबू नका, न्हाईतर पेटंल."

"मंग लाइट बसवली कामून?" भागवतनं विचारलं.

"डिझाइनमधी हाय."

भागवतनं त्या बटनावर चिकटपट्टी आडवी-उभी मारली आणि मगच जेवायला बसला.

पाहुणे दुपारी आले. जीपमधून निकिता उतरली, बन्सीधरराव उतरले, तिचे मामा सिताराम उतरले, आणि मागच्या सीटवरून दोन आत्या उतरल्या, ज्या ओळख करून देईपर्यंत सैपाकघरात पोचल्या होत्या. सितारामनी नुकतंच नवं घर बांधलं होतं. त्यामुळं ते कुठल्याही घरात शिरले की भिंतीवर टिचकी मारून बघत.

त्यांनी टिचकी मारली. आवाज भद्द आला.

"भरीव काम दिसायलंय," सिताराम म्हणाले.

"लय भरीव," दिनकरराव म्हणाले आणि भिंतीला जास्तच रेलून बसले.

पंखा बंद होता. लावला की पट्ट्यांच्या फटीतून तंतू उडायचे, हे सकाळीच कळलं होतं. बसलेल्यांच्या कपाळावर घाम जमला. सितारामनी मान खाजवली. थोड्या वेळानं बन्सीधररावांनीही खाजवली. नव्या सोफ्यात ढेकूण आहेत असं पाहुण्यांना वाटण्याची ती वेळ होती, आणि खरं कारण तर ढेकणापेक्षाही वाईट होतं.

"पंखा लावा की पाव्हणं," सिताराम म्हणाले.

नाही म्हणायला कारण नव्हतं. भागवतनं पंखा एकवर लावला. फटीतून पांढरा तंतू निघाला, हॉलभर सावकाश फिरला आणि बन्सीधररावांच्या गुडघ्यावर उतरला. त्यांनी तो दोन बोटांत धरला, दुसऱ्या हातानं ओढून लांबी बघितली आणि खिशात घातला. भागवतनं हे बघितलं. त्याच्या हातातली पोह्यांची बशी तिरपी झाली.

"ह्याच्यात लाइट असंलच की," सिताराम पट्ट्या न्याहाळत म्हणाले. "वॉर्म हाय का व्हाइट?"

"त्याचं कनेक्शन दिलं न्हाई अजून," भागवत म्हणाला.

"आसं कसं? वायर तर दिसायलीय." सिताराम बोर्डापाशी पोचलेही होते.

भागवतनं बोर्डाकडं बघितलं. चिकटपट्टी नव्हती. सैपाकघराच्या दारात उभ्या कस्तुराबाईंनी त्याची नजर ओळखली आणि हळूच म्हणाल्या, "लय घाण दिसायलती रे, म्या काढली."

सितारामनी बटन दाबलं.

भिंत कडेकडेनं सोनेरी उजळली. आत्या सैपाकघरातून बाहेर आल्या. खरं सांगायचं तर भिंत सुंदर दिसत होती. ओमप्रकाशनं काढून घेतलेल्या फोटोंपेक्षाही सुंदर.

"व्वा," मोठी आत्या म्हणाली. "निकिता, उभी ऱ्हाय गं तिथं. फोटो घेऊ."

निकिता उठली आणि भिंतीला पाठ करून उभी राहिली.

भागवत बोर्डाकडं निघाला. "बंद करतो जरा. डोळ्याला लागते ती."

"ऱ्हाऊ द्या हो," सितारामनी त्याचा हात धरला. "आमच्या इथं रातभर चालू आसती."

दिनकरराव मुलाकडं बघत होते. त्या नजरेत सगळं होतं: गप बस, फोटो होऊ दे, पाहुणे गेले की बघू. भागवतनं हात सोडवला आणि बटन बंद केलं. भिंत विझली. आत्याचा फोटो राहिला.

तेवढ्यात कस्तुराबाई म्हणाल्या, "काहीतरी करपायलंय."

आत्यांनी जाऊन गॅस बघितला. गॅस बंद होता. वास हॉलमध्येच होता. भागवतला तो ओळखू आला, कारण तसला वास घरात पसरण्याची भीती घेऊन तो आठवडाभर झोपला होता. भिंत उघडली तर सोयरीक गेली. नाही उघडली तर घर जाईल, आणि त्या भिंतीपुढं नेमकी निकिता उभी होती.

"तुमी जरा इकडं व्हा," तो तिला म्हणाला.

"भागवत," दिनकरराव म्हणाले. "बस खाली."

"आबा, उठा तिथून."

"म्या म्हणलो बस."

भागवत बसला नाही. त्यानं बाहेर जाऊन मेन स्विच पाडला, परत आला, पहिल्या पट्टीत बोटं घातली आणि ओढली. मग दुसरी. तिसऱ्या पट्टीला चौकटच सुटली, टीव्हीसकट पुढं आली, आणि हंगामभर कोंडलेला कापूस हॉलमध्ये उतरला. आधी सोफा गेला, मग प्लास्टिकचं झाड, मग कमरेपर्यंत सिताराम. आतून धूर आला. अडॅप्टरपाशी ताटाएवढा काळा डाग होता आणि त्याच्या कडेनं लाल ठिणगी सरकत होती.

दिनकररावांनी पाण्याची कळशी उचलली.

"पानी टाकू नका," निकिता म्हणाली. "वरून इझतंय आन् आत पळतंय. वढून काढा."

तिनं ओढणी हाताला गुंडाळली आणि त्या काळ्या डागाच्या भोवतीचा कापूस मुळासकट उपटून अंगणात नेला. भागवतनं दुसरा ढीग नेला. ती परत आली, हात खोल घालून ऊब चाचपली, अजून एक ढीग काढला. अंगणात कस्तुराबाई तो तुडवत होत्या. मग निकितानं आत हात घातला आणि थांबली.

"गार लागायलंय," ती म्हणाली.

हॉलमध्ये सगळे जिथं होते तिथंच कापसात बसले. लपवायला आता काही उरलं नव्हतं, तरी दिनकरराव इज्जतीनं बोलायला शब्द शोधत होते. सापडले ते असे, "भिजला न्हाई, हे बरं झालं."

बन्सीधररावांनी समोरचा मूठभर सरकी-कापूस उचलला. "धागा लांब हाय. इकला कामून न्हाई?"

"भाव वाढंल म्हणलं."

"मीबी तेच म्हणायलोय," बन्सीधरराव म्हणाले.

निकितानं बापाकडं बघितलं आणि मग कस्तुराबाईंकडं. "आमचा हॉल बी आसाच भरलाय काकू. तुमी मला बघितलं ते चुलत्याचं घर."

कस्तुराबाईंनी थोडा विचार केला. "तरीच त्यान्ला बटन सापडंना."

दोन्ही बाप आता एकमेकांजवळ सरकले होते. मे महिन्यात भाव चढणार, असं एकाचं म्हणणं. जून लागेपर्यंत थांबावं, असं दुसऱ्याचं. सोयरीक जुळल्यावर माणसं जितकी खुलतात तितके ते खुलले होते, आणि सोयरिकीबद्दल अजून कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

निकिता ओढणी झटकत भागवतपाशी आली. "लाइट लागली तवा पाठीमागं काय हाय ते तुमाला म्हाईत व्हतं?"

"व्हतं."

"आन् मी तिथं उभी ऱ्हायले तवा?"

"तवाच सांगायला पायजे व्हतं," भागवत म्हणाला. "आधी बटन बंद केलं, मग भिंत उपटली. सांगायचं तेवढं ऱ्हायलं."

तिची नजर उपटलेल्या पट्ट्यांवर गेली, मग त्याच्या बोटांवर. बोटं सोलून निघाली होती.

"टेंपोवाल्याचा नंबर हाय का?"

"हाय."

"लावा. आधी हितला भरू. मग पूर्णेला येऊन आमचा."

बाप दोघंही बोलायचे थांबले. दिनकररावांनी घसा खाकरला. "पोरी, भाव अजून..."

निकिता कापूस गोळा करत त्यांच्यापर्यंत आली होती. ते कापसात मांडी घालून बसले होते आणि त्यांच्याखाली निदान अर्धं पोतं असेल.

"मामंजी," ती म्हणाली, "जरा पाय काढा."

सैपाकघराच्या दारात मोठी आत्या कस्तुराबाईंना काहीतरी विचारत होती. ती मधेच गप्प झाली. सिताराम अजून कमरेपर्यंत कापसात होते. त्यांनी हळूच टोपी सारखी केली.

दिनकररावांनी पाय काढला.